प्रोबायोटिक कॅप्सूल: पोटाला मानवली, प्रतिकारशक्तीच्या दाव्याला मात्र अर्धेच गुण

अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर बिघडलेलं पोट ताळ्यावर येईना, म्हणून डॉक्टरांना विचारून ही प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल सुरू केली. आता बरेच महिने घेतोय.

सुरुवातीला गॅस वाढला, पोट गुडगुडायचं. ते आपोआप थांबलं. मग जेवणानंतरची फुगी कमी झाली, सकाळी पोट वेळेवर साफ होऊ लागलं. श्रेय सगळं कॅप्सूलला देणार नाही, पोट आपलं आपणही सावरतं. शिवाय 2018 साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात उलटंच दिसलं होतं: अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला जास्त वेळ लागला.

डब्यावर ठळक अक्षरात ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’. कल्पना हवेतली नाही. आतड्याच्या अस्तराला लागूनच प्रतिकार करणाऱ्या पेशींचा मोठा फौजफाटा असतो. काही जिवाणू त्या पेशींना संकेत देतात, काहींमुळे आयजीए हे प्रतिपिंड जास्त तयार होऊ शकतं. आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवतात तेव्हा ब्युटिरेट बनतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर पोसतात. पण हे घडू शकतं म्हणजे माझ्यात घडलंच, असं नाही. यंदा सर्दी कमी झाली खरी, पण एका माणसाच्या एका वर्षावरून काय ठरवणार? युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही प्रोबायोटिकचे असे बहुतेक दावे पुराव्याअभावी नाकारलेत.

घेताना जिवाणूंच्या अब्जांच्या आकड्याला भुलू नका, स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा नेमका उपप्रकार, बघा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं असेल तर मी डबा परत ठेवतो. ‘ऱ्हॅम्नोसस जीजी’सारखं पूर्ण नाव हवं, कारण एका स्ट्रेनचा गुण दुसरीला लागू पडेलच असं नाही. (2020 मध्ये या कुळाची फेरमांडणी झाली, त्यामुळे नव्या डब्यावर ‘लॅक्टिकेसीबॅसिलस’ दिसलं तर दचकू नका.) आकडा मुदत संपेपर्यंतचा आहे की कारखान्यातून निघतानाचा, हेही वाचा. माझ्या डब्यावर कारखान्यातून निघतानाचाच आहे, त्याचा एक गुण कापला.

हे जिवाणू बहुधा पोटात मुक्काम ठोकत नाहीत, बंद केल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत निघून जातात. त्यामुळे जन्मभर घ्यायची माझी तयारी नाही. हा डबा संपला की थांबणार, जेवणात तंतुमय पदार्थ वाढवणार. घरात कुणाची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हे देऊ नका. अशा रुग्णांत क्वचित हेच जिवाणू रक्तात उतरून संसर्ग झालेला आहे.