घडीच्या चाकूची मूठ: शिसम की मायकार्टा?

पातं सगळेच बघतात, पण कारागिराचा हात कळतो तो मुठीत. शिसमाला तेल लावलं की रेषा अशा उठतात की मायकार्टा हा कृत्रिम पदार्थ त्यापुढं रुक्षच वाटतो. मात्र मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. बोल्स्टर (मुठीच्या पात्याकडच्या टोकाचा धातूचा भाग) आणि लाकडाच्या सांध्यावरून नख फिरवा; अडकलं तर लाकूड बहुधा नीट मुरलेलं नव्हतं. पुढं पिनेपाशी चीर जाते.

मायकार्टा म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये दाबलेले कापडाचे थर. ऊन-पाण्यानं फारसा हलत नाही, घामेजल्या हातातून निसटत नाही. फक्त चकचकीत पॉलिश करून घेऊ नका. मोसंबीच्या बागेत रोज वापरायचा तर हाच. शिसमच हवं असेल तर आत स्टीलचे लायनर, म्हणजे लाकडामागच्या आधाराच्या पट्ट्या, बघून घ्या, उन्हाळ्याआधी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या.