विद्यापीठाचा समुदाय-भागीदारी कक्ष: कागद पक्का, मानधन रखडलेलं

पाचपैकी साडेतीन तारे. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि काम अजून चालू आहे.

मी आमच्या रहिवासी मंडळाची चिटणीस. इतिवृत्त, पावत्या, खोलीच्या किल्ल्या, सगळं माझ्याकडे. वस्ती हमरस्त्याला लागून आहे. मुलांचे खोकले थांबत नाहीत, आणि हवा तपासून घ्यायची तर जायचं कुणाकडे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा वेळी उपयोगी पडणारा एक कक्ष हल्ली बऱ्याच विद्यापीठांत असतो. प्रश्न लोकांनी आणायचा, त्या विषयातले प्राध्यापक आणि विद्यार्थी कक्षाने जोडून द्यायचे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात निघालेली ‘सायन्स शॉप’ याच धर्तीची. नावात दुकान असलं तरी गल्ला नसायचा.

पहिली बैठक त्यांच्या इमारतीत, कामाच्या दिवशी, भर दुपारी. कामावर जाणारे लोक येणार कसे? तसं कळवल्यावर समन्वयक बाईंनी एका शब्दाने वाद न घालता पुढची बैठक आमच्या खोलीत, संध्याकाळी ठेवली. त्यानंतर सगळ्या तिथेच झाल्या. एवढ्यासाठी अर्धा तारा मी तेव्हाच देऊन टाकला होता.

त्या बैठकीत बाईंनी शेरी आर्नस्टाइन यांची १९६९ मधली ‘सहभागाची शिडी’ दाखवली. पायऱ्या आठ. तळाशी लोकांना नुसतं खेळवणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, अगदी वर कारभारच लोकांच्या हाती. आम्ही कितव्या पायरीवर, असं मी विचारलं. “सहाव्या, म्हणजे भागीदारी,” त्या म्हणाल्या. मग तसं लिहून द्या म्हटलं. त्या हसल्या, पण पुढच्या वेळी मसुदा घेऊन आल्या.

या सेवेतलं सगळ्यात चोख काम म्हणजे हा करार. मला वाटलं होतं, सह्या घेतील आणि फायलीत टाकतील. तसं झालं नाही. कलमागणिक वाचन झालं, आणि खरा खल झाला तो माहिती कुणाची यावर. बाईंनीच अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीची हकिगत सांगितली. १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांनी रक्ताचे नमुने दिले. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले. त्यांचे पूर्वज बाहेरून आले असं त्या अभ्यासाचं म्हणणं, आणि आम्ही इथलेच ही त्यांची श्रद्धा. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. विद्यापीठाच्या माणसाने विद्यापीठाचीच चूक आपण होऊन सांगावी, हे मला आवडलं.

त्यावरून कलम ठरलं: खोकल्यासाठी गोळा केलेली माहिती खोकल्यासाठीच. दुसरा काही अभ्यास सुचला तर मंडळाला नव्याने विचारायचं. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजांनी, आपल्याबद्दलच्या माहितीसाठी १९९८ पासून मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा अशी चार तत्त्वं धरली आहेत. आम्ही चारही मागितली. ताबा मिळाला नाही, मूळ फाइल विद्यापीठाच्याच सर्व्हरवर राहिली. पोहोच मात्र लेखी मिळाली.

नकाशावरून चांगलीच वादावादी झाली. आजारी मुलाच्या घरावर ठिपका द्यायचा असा प्राध्यापकांचा बेत होता. नावं नाहीत म्हणजे ओळख नाही, हे त्यांचं म्हणणं. अहो, आमच्याकडे कोपऱ्यावरचं घर कुणाचं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि भाड्याने राहणाऱ्याला घरमालक काय म्हणेल याची धास्ती वेगळीच. शेवटी ठिपके गेले, गल्लीनिहाय आकडे आले.

प्रकाशनावर नकाराधिकार मात्र आम्हाला मिळाला नाही. निकाल न आवडल्यास छापूच नका असं कुणी म्हणू लागलं तर संशोधन करायचं कशाला, हा प्राध्यापकांचा मुद्दा मला पटला, मंडळातल्या दोघातिघांना नाही पटला. ठरलं ते असं: मसुदा ३० दिवस आधी आमच्याकडे येईल आणि मतभेद राहिलाच तर आमचं म्हणणं सोबत छापलं जाईल.

आता यंत्रांबद्दल. हवेतले २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण मोजणारे छोटे, स्वस्त सेन्सर आले. विद्यार्थ्याने जागा निवडली गच्ची. वीज आहे, इंटरनेट पोहोचतं, चोरीची भीती नाही. आमचे रात्रपाळीचे वॉचमन काका शांतपणे म्हणाले, “साहेब, गच्चीवर खोकतंय कोण?” पहाटे शाळेच्या फाटकासमोर ट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहतात आणि मागच्या बाजूला रात्री कचरा जाळतात, हे त्यांच्याशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं. एक सेन्सर फाटकाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर लागला. सकाळचा उंचच उंच आकडा तिथेच दिसला. गच्चीवरच्या यंत्राला त्याचा पत्ता नव्हता.

पण म्हणून लोकांचंच खरं आणि शिकलेल्यांना काही कळत नाही, असं कुणी समजू नये. सेन्सर हातात आल्याबरोबर लावून टाका म्हणून आम्हीच धोशा लावला होता. विद्यार्थी हटला नाही. आधी सगळे सेन्सर मोठ्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून आकडे ताडून पाहायचेच, म्हणाला. हे सेन्सर कणांवरून परतणाऱ्या प्रकाशावर चालतात, आणि दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे आकडा उगाच चढतो. हे न करता आम्ही आकडे घेऊन अधिकाऱ्यांकडे गेलो असतो, तर पहिल्याच प्रश्नाला तोंडावर पडलो असतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम. फाटकावरचा सकाळचा एक तास पकडून त्या आकड्याशी तुलना करायची नाही, हेही त्यानेच बजावलं.

आता दीड तारा कुठे गेला ते. घरोघरी फिरून प्रश्नावली भरणाऱ्या आमच्या बायकांना मानधन मिळणार होतं, करारातही तसं होतं. पण लेखा विभागाने ‘पुरवठादार नोंदणी’चा अर्ज हातात दिला. उलाढाल किती, व्यवसायाचा परवाना क्रमांक काय! घरकाम करणाऱ्या बाईने यात लिहायचं काय? समन्वयक बाई स्वतः खेटे घालत राहिल्या आणि पैसे आले, पण इतके उशिरा की दोघींनी मध्येच काम सोडलं. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती मात्र दर महिन्याला वेळेवर. त्याचा यात दोष नाही, पण हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं.

शोधनिबंधात आमचे आभार मानायचं ठरलं होतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई नावाची समिती लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी सांगते: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी घेण्याची तयारी. आम्ही पहिल्या अटीवर बोट ठेवलं, बाकीच्या तीन पुऱ्या करायला वेळ मागितला. कुरकुर न होता तो मिळाला. आता मंडळाचं नाव लेखकांत आहे.

निकाल सांगायला सगळे आले, तक्ते सुरेख होते. एका आईने विचारलं, “मग सकाळी खिडकी लावू की उघडी ठेवू?” प्राध्यापक विद्यार्थ्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, ट्रक उभे असतात तेवढा वेळ लावा, पण स्वयंपाक चालू असेल तर उघडा, घरातल्या धुराचे कणही तसेच असतात. लोकांनी वह्यांत लिहून घेतलं ते एवढंच.

तुमच्या मंडळाला कुठे दाद मागायला पुरावा हवा असेल आणि महिनोन्‌महिने दम धरता येत असेल, तर अशा कक्षाकडे जरूर जा. पुढच्या आठवड्यात उत्तर हवं असेल, तर हे तुमच्या कामाचं नाही. जाताना हिशेब सांभाळणारं माणूस सोबत न्या आणि मानधन कोणत्या अर्जावर मिळणार ते पहिल्याच दिवशी विचारा.

आमच्या दुसऱ्या टप्प्याचा मसुदा परवाच आला. मानधनाचं कलम आहे, तारीख रिकामी आहे. लाल पेनाने गोल करून परत पाठवलाय.