फ्लशिंगमधल्या हाताने ओढलेल्या नूडल्स

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले फ्लशिंग हे ठिकाण न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना बाउन स्ट्रीटवरच्या गणेश मंदिरामुळे माहीत असते. दर्शन घ्यायचे, तळघरातल्या उपाहारगृहात डोसा खायचा आणि परतीची वाट धरायची, असा आमच्या घरचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. मंदिरापासून वीस-पंचवीस मिनिटे चालत गेले की मेट्रोच्या ७ क्रमांकाच्या गाडीचे शेवटचे स्थानक लागते आणि त्याच्याभोवती मोठी चिनी वस्ती पसरलेली आहे. तिथल्या एका गल्लीत जेमतेम आठ टेबलांचे एक दुकान असून गेल्या वर्षभरात मी तिथे चार वेळा जेवलो. पाटी चिनी लिपीत आहे आणि तिच्याखाली इंग्रजीत ‘हाताने ओढलेल्या नूडल्स’ एवढेच लिहिले आहे. तशा पाट्या त्या परिसरात आणखीही आहेत, त्यामुळे पाटी वाचण्यापेक्षा काचेतून आत पाहावे आणि ओट्याशी कणीक ओढणारा माणूस दिसला तर आत शिरावे.

हा प्रकार वायव्य चीनमधल्या गान्सू प्रांताची राजधानी लान्झोऊ येथला. तिथे तो मुख्यतः हुई मुसलमानांच्या हातचा मानला जातो आणि त्याला आजचे रूप दिल्याचे श्रेय १९१५ च्या सुमारास तिथे नूडल्स विकणाऱ्या मा बाओझी यांना दिले जाते. लान्झोऊचे लोक हा वाडगा सकाळी न्याहारीलाच रिचवतात. तो कसा असावा याचे तिथले गणित ठरलेले आहे: एक नितळ, म्हणजे रस्सा, दोन पांढरा, म्हणजे मुळ्याचे काप, तीन लाल, म्हणजे मिरचीचे तेल, चार हिरवे, म्हणजे कोथिंबीर आणि लसणाची पात, आणि पाच पिवळ्या, म्हणजे खुद्द नूडल्स. मी प्रत्येक वेळी याच मापाने वाडगा तपासला.

आधी पिवळ्याविषयी, कारण या दुकानाचे सारे मोल तिथेच आहे. ओट्यामागचा माणूस तिंबून मुरवलेल्या कणकेचा मनगटाएवढा रूळ उचलतो, दोन्ही टोके धरून हात पूर्ण पसरेपर्यंत ओढतो, दुमडून टोके एका हातात घेतो, पीठ भुरभुरवतो आणि पुन्हा ओढतो. प्रत्येक दुमडीला पदर दुप्पट होतात, म्हणजे सात वेळा ओढल्यावर एकाचे १२८ होतात. आणि हे सारे, मी घड्याळ लावून पाहिले, एका मिनिटाच्या आत. माझ्या आजोळी, खानदेशात, मांडे करणाऱ्या बाया भिजवलेली कणीक हातांवर झुलवून रुमालासारखी पातळ करत, आणि पाटावरच्या शेवया ओढणारे हातही मी पाहिलेले आहेत. त्यामुळे हा खेळ पाहताना मला नवल कमी आणि ओळख जास्त वाटली. गव्हातल्या ग्लुटेनला पुरेसे मळून विश्रांती दिली की ते ताण सहन करते, हे तिन्हींचे मर्म एकच आहे. लान्झोऊच्या कणकेत मात्र क्षारही पडतो. पूर्वी त्या कोरड्या मुलखातले एक झुडूप जाळून त्याची राख वापरत, आता तयार पूड मिळते. आपण पापडात पापडखार घालतो, त्याच जातीचे हे काम आहे. त्यानेच नूडल्सना पिवळसर झाक येते, त्या न तुटता ताणल्या जातात आणि दाताखाली किंचित प्रतिकार करतात.

जाडी आपण सांगायची असते. केसासारख्या बारीक, पातीसारख्या चपट्या, पट्ट्यासारख्या रुंद असे पर्याय भिंतीवर चित्रांसह लावलेले आहेत. केसासारख्या नूडल्स दिसायला देखण्या असल्या तरी वाडग्यात लवकर मऊ पडतात, आणि रुंद पट्टा मला जरा कच्चा लागला. मधली बारीक जाडी सर्वांत उत्तम.

रश्श्याबद्दल तितके कौतुक करता येत नाही. पारंपरिक रस्सा गोमांसाच्या हाडांचा असतो. मी ते खात नसल्याने मेंढीच्या मांसाचा वाडगा मागवला आणि त्याचा रस्सा वेगळ्या पातेल्यातला आहे याची दोनदा खात्री करून घेतली. तो नितळ होता, परंतु सपक होता, आणि ती उणीव मिठाने भरून काढल्यासारखी वाटली. मुळ्याचे काप एकदा छान शिजलेले, एकदा करकरीत. लाल तेल मात्र उत्कृष्ट आहे. मिसळीच्या तर्रीइतके ते झोंबत नाही, पण त्यात सिचुआन मिरीचा वास आणि जिभेला येणारी झिणझिणी आहे. ही मिरी आपल्या तिरफळाच्याच कुळातली, त्यामुळे कोकणी किंवा गोव्याकडच्या माणसाला पहिल्या घासातच ती परिचित वाटेल. शाकाहारी मंडळींनी सावध राहावे, कारण ‘भाज्यांच्या नूडल्स’ अनेकदा त्याच मांसाच्या रश्श्यात येतात. टोमॅटो आणि अंडे घातलेल्या कोरड्या नूडल्स मागवणे बरे. तेही चालत नसेल तर देवळातला डोसा आहेच. डुकराचे मांस या दुकानात शिजत नाही.

दोन तक्रारी. एकदा घरच्यांसाठी नूडल्स बांधून नेल्या. रस्सा वेगळ्या डब्यात दिला होता, तरी दीड तासाने डबा उघडला तेव्हा त्यांचा एकसंध गोळा झालेला होता आणि सुरीने कापून खावा लागला. दुकानदाराने निदान सांगायला हवे होते. दुसरी तक्रार बसण्याची. अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलाशी बसावे लागते आणि शेवटचा घास संपण्याआधी बिल पुढ्यात येते. एका वाडग्याला कर आणि टिप धरून साधारण १९ डॉलर पडले, आणि तेही फक्त रोख.

जायचे तर बाराच्या आधी जावे. दुपारी तीननंतर तो माणूस विश्रांतीला जातो आणि त्याच्या जागी उभा राहणारा मुलगा अजून शिकतो आहे. त्याच्या नूडल्स एका टोकाला दोऱ्यासारख्या आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीसारख्या निघतात.