जुन्या पेट्रोल जीपला कार्ब्युरेटर: कार्टर दुरुस्त करावा की सोलेक्स बसवावा?

जुनी पेट्रोल जीप दारात आली की पहिल्या महिन्याभरात प्रत्येकाचं एकच गाऱ्हाणं असतं: स्लो (पाय न दाबता इंजिन चालू राहण्याचा वेग) बसत नाही, पेट्रोल बेसुमार पिते, गरम झाली की बंद पडते. गॅरेजवाला बॉनेट उघडतो आणि सांगतो, "कार्ब्युरेटर बदला." कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. इथूनच गोंधळ सुरू होतो. आधीचा जुना, अमेरिकन कार्टर कंपनीचा उघडून नीट करायचा, सोलेक्स या दुसऱ्या कंपनीचा बसवायचा, की ऑनलाइन मिळणारी कार्टरची नवी नक्कल मागवायची? या तिघांपैकी एक निवडायची वेळ आलेल्यांसाठी हा आढावा आहे.

आधी आपल्या गाडीचं इंजिन कुठलं ते बघा. महायुद्धातल्या विलीज एमबी, फोर्ड जीपीडब्ल्यू आणि नंतरच्या सीजे-2ए, सीजे-3ए यांच्यात साइड व्हॉल्व्हचं 2199 सीसीचं 'गो डेव्हिल' इंजिन, सुमारे 60 अश्वशक्तीचं. त्यावर कार्टरचा डब्ल्यूओ मालिकेचा कार्ब्युरेटर असायचा. लष्करी जीपवरच्या मॉडेलचा क्रमांक 539एस. उंच बॉनेटच्या सीजे-3बीमध्ये 'हरिकेन' इंजिन आलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. ताकद 72 अश्वशक्तीच्या आसपास, आणि कार्ब्युरेटर कार्टरचाच, पण वायएफ मालिकेतला. महिंद्रांनी 1949 मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत सीजे-3बी बंद झाली तरी आपल्याकडे ती बनतच राहिली, आणि या देशी जीपांवर सोलेक्स एम-32 पीबीआयसी दिसू लागला. म्हणजे नंतरच्या देशी जीपचा मूळ कार्ब्युरेटर सोलेक्सच आहे. तिच्यावर हौसेनं कार्टर चढवून 'ओरिजिनल केली' म्हणणारे भेटतात. त्यांनी खरं तर गाडीला अमेरिकन फेटा बांधलेला असतो.

तशा यातल्या कितीतरी जीपांमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिनं बसली. तुमच्या गाडीत मूळ पेट्रोल इंजिन शिल्लक असेल, तर कार्ब्युरेटरवर थोडा खर्च करायला हरकत नाही.

आधी आरोपी तोच आहे का ते बघा

कार्ब्युरेटरवर ढकलल्या जाणाऱ्या दोषांपैकी बरेचसे त्याचे नसतात. इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग, टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघून झाल्याशिवाय त्याच्या स्क्रूला हात लावू नये. इनटेक मॅनिफोल्डला (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीला) लावलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत आत सोडणारी झडप) उघडा अडकला, तर तिथून भलतीच हवा आत शिरते आणि स्लो कधीच बसत नाही. लोक मात्र कार्ब्युरेटर पिळत बसतात. ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं की हवा अडते आणि काळा धूर येतो.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे नंतर बसवलेला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. या जीपचा मूळ मेकॅनिकल पंप जेमतेम दीड ते अडीच पीएसआय (दाबाचं माप) दाब देतो, आणि फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची) निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, तेवढ्याच दाबासाठी केलेली आहे. बाजारातला चार-सहा पीएसआयचा पंप लावला की निडल दाबाखाली हार मानते, पेट्रोल वरून ओसंडतं, आणि बिचारा कार्टर बदनाम होतो. असा पंप असेल तर प्रेशर रेग्युलेटर तरी लावा, नाहीतर मूळ पंपाला नवा डायफ्रॅम घालून घ्या.

कार्टर डब्ल्यूओ आणि वायएफ

डब्ल्यूओची खासियत म्हणजे त्यातली मीटरिंग रॉड. मेन जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या) भोकात पितळेची टप्प्याटप्प्यानं बारीक होत गेलेली काडी उभी असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर उचलली जाते आणि जेटमधली वाट मोठी होते. म्हणून थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणारी चकती) अर्धा उघडा असताना गाडी बेताचं पेट्रोल घेते आणि घाटात पूर्ण दाबली की हवं तेवढं मिळतं. वायएफमध्ये ही रॉड थ्रॉटलबरोबरच व्हॅक्युमवर चालणाऱ्या डायफ्रॅमनेही हलते. डायफ्रॅम फाटला की गाडी रिच (गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर) चालते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता खरी तपासणी. कार्ब्युरेटर हातात घ्या आणि थ्रॉटल शाफ्टचं टोक वर-खाली, मागे-पुढे हलवून बघा. खुळखुळत असेल तर तिथून हवा आत जाते. खात्री करायची असेल तर इंजिन स्लोला चालू ठेवून शाफ्टच्या दोन्ही टोकांना ब्रशने जाडसर ग्रीस लावा. काही क्षणांसाठी स्लो सुधारला तर दोष तिथेच आहे. नवं किट (गॅस्केट, निडल वगैरे सुट्या भागांचा संच) घालून, जेट धुऊन हा दोष जात नाही, आणि तरीही बहुतेक ठिकाणी फक्त किट घालून गाडी परत दिली जाते.

डब्ल्यूओचा खालचा थ्रॉटलचा भाग बिडाचा आहे, ही मोठीच जमेची बाजू. त्याची भोकं रीमरनं मोठी करून ब्राँझचे बुश बसवता येतात. चांगला लेथवाला हे काम करतो, पण दोन्ही बुश एका रेषेत यायला हवेत. जरा तिरके आले तरी थ्रॉटलची चकती भिंतीला घासते आणि पुन्हा तीच रडकथा. वरचा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. तो वाकलेला आहे का ते काचेवर ठेवून पाहावं. थोडा वाकला असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर लावून हलक्या हातानं सपाट करता येतो. तडा गेला असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, दुसरा शोधा.

उघडल्यावर करायच्या बाकी गोष्टी:

पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर तो फुटका आहे आणि आत पेट्रोल शिरलंय. ते काढून सोल्डर करता येतं, पण सोल्डर इतकंच लावा की फ्लोटचं वजन वाढणार नाही. डब्ल्यूओत झाकण उलटं धरून, गॅस्केट काढून, फ्लोटचं मोकळं टोक आणि झाकण यांच्यातलं अंतर 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर ठेवायचं. कार्ब्युरेटरच्या आतल्या, पिकअपला जास्तीचं पेट्रोल देणाऱ्या पंपाचं चामडं सुकून कडक झालं असेल तर गाडी पिकअप घेताना अडखळते. नवं चामडं बसवण्यापूर्वी हलक्या तेलात भिजवून मऊ करून घ्यावं. जेटमध्ये लोखंडी तार घालू नये. पितळ मऊ असतं, केसाएवढा ओरखडा पडला तरी मोजमाप बिघडतं. नायलॉनचा मासेमारीचा दोरा चालतो. सँडब्लास्टिंग तर अजिबात नको. वाळूचे कण आतल्या वाटांमध्ये जाऊन बसतात आणि वर्षभर एकेक करून जेटमध्ये येत राहतात. अल्ट्रासोनिक बाथमधून काढलेला कार्टर मात्र सुंदर निघतो.

एवढं केलेला कार्टर सोलेक्सपेक्षा गुळगुळीत चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण त्याच्या सुट्या भागांची आहे. हे भाग बहुतेक अमेरिकेतून मागवावे लागतात, आणि मीटरिंग रॉड व जेट यांची जोडी मॉडेलप्रमाणे बदलते. खुद्द सेंट लुईसमधला कार्टरचा कारखाना 1984 मध्येच बंद झाला. कार्टरच्या झाकणाच्या स्क्रूखाली पितळेची छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेलचा क्रमांक ठोकलेला असतो. ती पट्टी गेली असेल तर किट मागवताना अंदाजानं काम करावं लागतं. म्हणून जुन्या बाजारात कार्टर हाती लागला तर आधी पट्टी बघा, मग भाव करा.

सोलेक्स एम-32 पीबीआयसी

हा साधा, सरळ आणि आपल्या मिस्त्रींना पाठ असलेला कार्ब्युरेटर आहे. यात मीटरिंग रॉड नाही. मेन जेट, एअर करेक्शन जेट, इमल्शन ट्यूब, पायलट जेट आणि डायफ्रॅमचा पंप एवढाच संसार. जेटवर छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात कोरलेला असतो, 130 म्हणजे 1.30 मिलिमीटर. त्यामुळे गाडी लीन (गरजेपेक्षा कमी पेट्रोलवर) चालतेय वाटलं तर एक आकडा मोठा जेट घालून बघता येतं. कार्टरमध्ये असा प्रयोग इतका सहज होत नाही.

फरक कळतो तो सकाळी गाडी चालू करताना. कार्टरमध्ये तोंडाशी चोकची पट्टी असते. चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर एकदा-दोनदा दाबायचा आणि स्टार्टर मारायचा. सोलेक्समध्ये बाजूला फिरती चकती असते, ती वेगळ्याच वाटेनं भरपूर पेट्रोल देते. पण त्यासाठी थ्रॉटल बंद हवा, कारण ही वाट मॅनिफोल्डच्या ओढीवर चालते. कार्टरच्या सवयीनं पाय दाबून ठेवला तर गाडी चालू होता होत नाही, आणि मालक म्हणतो सोलेक्स थंडीत बेकार. केबल पूर्ण परत येते का हेही बघा. ती किंचित अडकून राहिली तर चकती अर्धवट उघडी राहते आणि गाडी दिवसभर काळा धूर सोडते.

सोलेक्सचा कमकुवत भाग म्हणजे त्याची बॉडी. ती जस्ताच्या मिश्रधातूची असल्यामुळे नट जास्त कसले की फ्लँज वाकतो. थ्रॉटल शाफ्टची भोकंही लवकर झिजतात. बुश घालता येतात, पण बिडाइतकं पक्कं काम होत नाही. कार्टरऐवजी सोलेक्स घालणार असाल तर एअर क्लीनरची नळी तोंडावर बसते का आणि अ‍ॅक्सिलरेटरची सळई पूर्ण उघडते-मिटते का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहा.

नव्या नकला आणि दोन बॅरलचे बेत

कार्टरसारख्या दिसणाऱ्या नव्या नकला चकाचक असतात आणि म्हणून मोह होतो. काही ठीक चालतात, काही सुरुवातीपासून त्रास देतात, आणि तुमच्या वाट्याला कुठली येईल हे बॉक्स उघडेपर्यंत कळत नाही. घेतलीच तर बसवण्यापूर्वी उघडा. आत ओतकामाची बारीक चुरी, ढिली निडल सीट, चुकीची फ्लोट लेव्हल, नवाकोरा असूनही हलणारा शाफ्ट, हे सगळं बघायला मिळतं. कार्टर उघडायला लागणाऱ्या वेळातच नक्कल तपासावी लागणार असेल, तर ती घेण्याचं कारणच उरत नाही. जुना कार्टर पूर्ण तुटलेला असेल, दुसरा कुठेच मिळत नसेल आणि गाडी दिसायला मूळ हवी असेल, तेवढ्यापुरती नक्कल ठीक.

वेबर कंपनीचा दोन बॅरलचा (दोन तोंडांचा) कार्ब्युरेटर अ‍ॅडॅप्टर लावून बसवण्याचा बेत करू नका. 60-70 अश्वशक्तीच्या, हळू फिरणाऱ्या इंजिनाला त्याची गरज नाही.

इथेनॉलचं काय?

हे दोघांनाही लागू आहे. आता पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की जस्ताच्या बॉडीत पांढरी पावडर आणि पितळावर हिरवट थर दिसतो. जुन्या रबराच्या नळ्या आतून सुटतात आणि त्यांचे काळे कण निडलखाली अडकतात. त्यामुळे नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घ्या, गाडी उभी ठेवताना पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

शुद्ध पेट्रोलला वजनानं 14.7 पट हवा लागते, तर ई-20 ला (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) साधारण 13.5 पट, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण थोडं लीन होतं. सोलेक्सला मोठा जेट घातला की काम झालं. कार्टरला फ्लोट आणि मीटरिंग रॉड बरोबर असतील तर स्लोचा स्क्रू थोडा सोडून बहुतेक गाड्या निभावून जातात. महाबळेश्वरसारख्या साडेचार हजार फुटांच्या ठिकाणी हवा विरळ असल्यानं उलट मिश्रण रिच होतं, तेव्हा तिथे बसवलेली सेटिंग पुण्याला येऊन बदलायची तयारी ठेवा.

मग काय घ्यावं?

1960 च्या आतली विलीज किंवा सुरुवातीची जोडणीची जीप असेल, रॅलीला न्यायची असेल, किंवा व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर कार्टर. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. त्यासाठी नव्यानं नोंदणी 20,000 रुपये, नूतनीकरण 5,000 रुपये, आणि रोजच्या वापरावर बंधन. एवढं करून वर सोलेक्स लावणं म्हणजे पैठणी नेसून पायात स्लीपर. मात्र कार्टरची बॉडी तडकलेली असेल तर दुसरा जुना कार्टर मिळेपर्यंत थांबा, घाईनं नक्कल लावू नका.

शेतावर, गावी किंवा कोकणात नेऊन पावसात उभी राहणारी, तालुक्याच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी जीप असेल, तर सोलेक्स. रस्त्यात अडला तरी कुर्ल्यापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत त्याचे भाग विचारायला जागा आहे. देशी सीजे-3बीला तर दुसरा विचारच नको.

आणि कार्टर काढून सोलेक्स बसवलात तर जुना कार्टर भंगारात देऊ नका. पट्टी, स्टड, लिंकेज सगळं एका पिशवीत बांधून, पेट्रोल पूर्ण काढून, तेलाचा हात फिरवून ठेवा. पुढे गाडी विकताना घेणारा विचारतो.