प्राणीवर्तन शिकायचंय: प्राणीशास्त्रातून की मानसशास्त्रातून?

प्राण्यांचं वर्तन विद्यापीठात दोन विभागांत शिकता येतं. प्राण्याच्या आवडीवरून विभाग निवडू नका, तुम्हाला कुठला प्रश्न सतावतो ते बघा.

‘हे वर्तन उत्क्रांतीत का टिकलं?’ हा प्रश्न प्राणीशास्त्राचा. काळ्या डोक्याचे कुरव (गल पक्षी) पिल्लू बाहेर आल्यावर अंड्याचं रिकामं कवच चोचीत धरून घरट्यापासून लांब टाकून येतात. प्राणीवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी अंड्यांजवळ मुद्दाम फुटकी कवचं ठेवून पाहिली, तर कावळ्यांना ती अंडी जास्त सापडली. कवचाची पांढरी आतली बाजूच घरट्याचा पत्ता देते. मग पालक ते लगेच का टाकत नाहीत? कारण ओलं पिल्लू शेजारचेच कुरव गिळून टाकतात, म्हणून ते वाळेपर्यंत जवळून हलायचं नाही. काही क्षणांच्या या कामात दोन शत्रूंचा हिशेब आहे! उत्क्रांतीची खरी गोडी मला इथेच दिसते. सोबत अनुवंशशास्त्र, वंशवृक्ष आणि जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांचा 1964 सालचा आप्त-निवडीचा सिद्धांत (नातेवाइकांना मदत करण्याचं वर्तन का टिकतं, ते सांगणारा) येतो. शरीररचना, जीवरसायन आणि वर्गीकरणही करावं लागतं.

‘प्राण्याला काय कळतं, तो कसा शिकतो?’ हा मानसशास्त्राचा प्रश्न. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी 1998 मध्ये कावळ्याच्या कुळातल्या ‘स्क्रब जे’ नावाच्या पक्ष्यांना अळ्या आणि शेंगदाणे लपवू दिले. 4 तासांनी सोडल्यावर पक्षी आवडत्या अळ्यांकडे गेले. 124 तासांनी मात्र, अळ्या नासतात हे अनुभवाने शिकलेले पक्षी शेंगदाण्यांकडे वळले. म्हणजे काय, कुठे आणि किती वेळापूर्वी लपवलं, हे तिन्ही त्यांच्या लक्षात होतं. प्रयोगाची इतकी काटेकोर आखणी या विभागात उत्तम शिकायला मिळते. पण पदवीचा बाकी बहुतेक भाग माणसाबद्दलच असतो, हे आधीच माहीत असू द्या.

संख्याशास्त्र दोन्हीकडे आहे, त्यातून सुटका नाही.

टिनबर्गन यांनी 1963 मध्ये वर्तनाबद्दल चार प्रश्न मांडले: तात्कालिक कारण, वाढीतला विकास, उपयोग आणि उत्क्रांतीचा इतिहास. पहिल्या दोन प्रश्नांवर मानसशास्त्राची पकड चांगली, पण शेवटच्या दोहोंसाठी प्राणीशास्त्राला पर्याय नाही. त्यामुळे उत्क्रांतीची ओढ असेल तर माझं मत स्पष्ट आहे: प्राणीशास्त्र घ्या आणि प्राणी कसे शिकतात यावरचा एखादा पेपर मानसशास्त्र विभागातून करा. प्रवेशाआधी एवढं विचारा, की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात विद्यार्थी स्वतः निरीक्षणं घेतात की तयार आकडेवारीवर काम करतात. स्वतः घेत असतील, तर तो विभाग यादीत वर ठेवा.