हायब्रीड सायकल, दादर ते नरिमन पॉइंट : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑक्टोबर 2024 मध्ये, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, मी एक हायब्रीड सायकल (शर्यतीची आणि डोंगरातली यांच्या मधला प्रकार) घेतली आणि आज, ऑगस्ट 2025 मध्ये, तिच्या हँडलवरचा मीटर 2,640 किलोमीटर दाखवतो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वीस हजारांच्या आतबाहेरच्या बहुतेक हायब्रीड सायकलींची हाडे सारखीच असतात: अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे तीन आणि मागे सात असे एकवीस गिअर, चाकाच्या मध्यावरची चकती धरणारे, तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक आणि 700 बाय 35 मापाचे, म्हणजे 35 मिलिमीटर रुंद, टायर. माझे वय एकावन्न आहे, घर दादर पश्चिमेला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. या शेवटच्या तपशिलाला सायकल घेताना मी काडीचेही महत्त्व दिले नव्हते.

दुकानातल्या कार्डावर वजन साडेचौदा किलो लिहिले होते. मडगार्ड, स्टँड, दिवे, बाटलीची जाळी आणि जाडजूड कुलूप चढवून झाल्यावर मी ती गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे नेऊन तराजूला टांगली, तेव्हा काटा सतरा किलोच्या थोडा पुढे थांबला. "मावशी, फ्रेमला अ‍ॅल्युमिनियमचा भाव लावीन," असे तो वर म्हणाला. हे सतरा किलो घेऊन मी आठवड्यातून चार वेळा अडतीस पायऱ्या उतरते आणि चढते. सायकलीच्या डाव्या बाजूला उभे राहून वरची नळी उजव्या खांद्यावर घेतली की चेन बाहेरच्या अंगाला राहते, हे कळेपर्यंत माझ्या दोन सलवारींना ऑइलचे कायमचे डाग पडले होते. खाली जिन्यात ठेवण्याची सोय नसेल, तर सायकल निवडताना गिअर किती याच्या आधी वजन विचारावे आणि दुकानातच ती एकदा खांद्यावर घेऊन पाहावी.

माझा नेहमीचा रस्ता दादरहून प्रभादेवी, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी आणि मरीन ड्राइव्हने नरिमन पॉइंट असा आहे आणि जाऊन-येऊन तो साधारण पंचवीस किलोमीटर होतो. पहाटे सव्वापाचला निघाले की साडेसातच्या आत घरी पोहोचता येते. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग भल्या पहाटेच रस्त्यापर्यंत येते, म्हणून मंगळवारी सुट्टी. सागरी सेतू, किनारी मार्ग, पूर्व मुक्त मार्ग आणि अटल सेतू या चारही ठिकाणी सायकलला मनाई असल्यामुळे नकाशावर जवळचे दिसणारे बरेच काही आपल्यासाठी जवळचे नसते. वांद्र्याला जायचे तर माहीमच्या कॉजवेनेच जावे लागते.

या रस्त्यावर गिअरची खरी परीक्षा एकाच ठिकाणी होते, ती हाजी अलीकडून पेडर रोड चढताना. माझ्या सायकलीला पुढे 48, 38 आणि 28 दात्यांची चक्रे आहेत आणि मागे 14 पासून 28 पर्यंत. पुढे 28 आणि मागेही 28 ठेवले की पॅडलच्या एका फेरीला चाकाचीही एकच फेरी होते आणि सायकल साधारण दोन मीटर सतरा सेंटिमीटर पुढे जाते. पुढे 48 आणि मागे 14 ठेवले, तर त्याच एका फेरीत ती जवळजवळ साडेसात मीटर जाते. हे गणित घरी कागदावर मांडल्यावरच मला गिअर समजले, कारण दुकानदाराने "हलका आणि जड" एवढेच सांगितले होते. नोव्हेंबरमध्ये पेडर रोडच्या मध्यावर मला उतरावे लागत असे. जानेवारीपासून मी चढाच्या अलीकडेच, पॅडलवर जोर येण्याआधी, पुढचे चक्र 28 वर आणते आणि बोलत बोलत चढते. चढावर दम लागल्यावर गिअर बदलायला गेले तर चेन कडकड आवाज करते आणि एकदा ती उतरून क्रँकमध्ये, म्हणजे पॅडलच्या दांड्यात, अडकलीही, पण तो दोष सायकलीचा नव्हता. एकवीसपैकी मी रोज पाच-सहाच गिअर वापरते, त्यामुळे पुढे एकच चक्र असलेली सायकल मिळाली असती, तरी माझे काही अडले नसते असे आता वाटते.

टायरबाबत मात्र माझे मत सुरुवातीपासून चांगले आहे. वरळीच्या आसपास काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जी लांब फट राहते, त्या फटीत बारीक टायर अलगद शिरतो. 35 मिलिमीटरचा टायर तिच्यावरून नुसता थरथरून जातो. पेव्हर ब्लॉक, गटारांच्या जाळ्या आणि उड्डाणपुलांचे सांधे यांनाही तो पुरतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असल्यामुळे हवा पेट्रोल पंपावरही भरता येते, आणि या सोयीनेच माझा घात केला. टायरच्या कडेवर 50 ते 75 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) असे छापलेले असताना पंपावरच्या मुलाने दुचाकीच्या सवयीने तीस भरले आणि मीही अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हटले. चौथ्या दिवशी हाजी अलीच्या सिग्नलपुढच्या खड्ड्यात मागचे चाक आदळले आणि हवा एका श्वासात गेली. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली, तेव्हा शेजारी शेजारी दोन भोकांतून बुडबुडे येत होते. खिळ्याने एकच भोक पडते. दोन भोके म्हणजे हवा कमी असल्यामुळे खड्ड्याची कड आणि रिम यांच्या चिमटीत ट्यूब सापडलेली असते. त्यानंतर मी काटा असलेला उभा पंप घेतला, दर रविवारी साठ भरते आणि तेव्हापासून फक्त दोनदा पंक्चर झाले, दोन्ही वेळा काचेने.

आता ब्रेक. डिस्क ब्रेक चांगले लागतात आणि पावसात रिमवरच्या रबरापेक्षा निश्चितच भरवशाचे आहेत, पण त्यांना तेलाचे वावडे असते ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. डिसेंबरात एका रविवारी मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरले, सायकल उलटी केली आणि डब्यातले स्प्रेचे तेल चेनवर, गिअरवर आणि हात फिरेल तिथे मनसोक्त मारले. सोमवारी पेडर रोडच्या उतारावर केम्प्स कॉर्नरकडे येताना मागचा ब्रेक दाबला, तर जुन्या लोखंडी फाटकासारखी किंकाळी उमटली आणि वेग मात्र कमी होईना. पुढच्या ब्रेकवर कशीबशी थांबले. दादरच्या मेकॅनिककाकांनी चाकाची चकती बोटाने पुसून बोट मला दाखवले आणि म्हणाले, "ताई, तेल चेनला द्यायचं असतं, सायकलीला नाही." लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून मी चकती पुसली आणि चकतीला दाबणारे पॅड काढून सँडपेपरवर घासले. आवाज गेला, पकड पूर्ण परत आली नाही, म्हणून आठवड्याने मागचे पॅड बदलले. आता मी ड्रॉपरच्या बाटलीतले तेल चेनच्या प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडते, पॅडल उलटे फिरवते आणि वरचे सगळे तेल चिंधीने पुसून टाकते, कारण तेलाची गरज कड्यांच्या आत असते आणि बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते.

या वर्गातली सायकल दुकानातून अर्धीच तयार होऊन निघते, आणि उरलेली अर्धी मुंबईच्या हवेसाठी आपल्याला तयार करून घ्यावी लागते, हे माझे मत पावसाळ्यात पक्के झाले. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला; नेहमीची तारीख 11 जून. माझ्या हिशेबाने तयारीला अजून दोन आठवडे होते, त्यामुळे पहिल्या सरी सायकलीने तशाच अंगावर घेतल्या. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम गंजत नाही या जाहिरातीत खोटे काही नाही, परंतु फ्रेम सोडून जे जे असते त्यातले बरेचसे पोलादाचे असते: चेन, मागची चक्रे, स्क्रू, तारांची टोके. तिसऱ्या दिवशी बाटलीच्या जाळीचे दोन्ही स्क्रू तांबूस झाले होते आणि चेनला विटकरी रंगाची पूड लागली होती. त्याहून वाईट म्हणजे सीटची नळी, सीटखालची जी फ्रेमच्या आत सरकते ती. ती पोलादाची आहे, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारे पाणी शिरले की ते एकमेकांना धरून बसतात. जूनच्या मध्यावर सीट अर्धा इंच वर घ्यायला गेले, तर नळी हलेना. काकांनी फटीत झिरपणारे भेदक तेल सोडून रात्रभर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ती पिळून काढली. सायकल नवी असतानाच नळीला ग्रीस लावून घेतले असते, तर हा प्रसंग आला नसता. हे काम दुकानदाराने द्यायच्या आधी करायला हवे, आणि तो करत नाही.

भरती साडेचार मीटरच्या वरची असेल त्या दिवशी मी मरीन ड्राइव्हला जात नाही. भिंतीवरून उडालेले पाणी रस्त्यावर येते आणि ते पावसाचे नसते, समुद्राचे असते. एकदा चुकून त्यात सापडले, तेव्हा घरी येऊन सायकल न्हाणीघरात घातली आणि दोन बादल्या गोड्या पाण्याने तांब्या-तांब्याने धुतली. पाइपचा जोरदार फवारा मारला की पाणी बेअरिंगमध्ये शिरते. घरातल्यांची यावर जी प्रतिक्रिया झाली ती इथे देण्याची गरज नाही.

चेन किती झिजली हे पाहण्यासाठी वेगळे हत्यार लागत नाही. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेवर धरला तर तिच्यापुढची चोविसावी पीन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल, तर चेन बदलावी, नाहीतर ती मागच्या चक्रांचे दातेही खाते. माझी चेन जुलैत, सुमारे 2,300 किलोमीटरवर, या खुणेला पोहोचली. मीठ आणि चिखल नसता तर ती आणखी पुष्कळ चालली असती, असे काकांचे मत.

सीटविषयी पहिले दोन महिने माझी तक्रार होती. मऊ वाटावे म्हणून मी जेलचे जाड आवरण घेतले आणि दुखणे वाढले, कारण मऊ गादीत हाडे रुततात आणि भार नको तिथे पडतो. आवरण काढून टाकले आणि उंची नीट केली: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी, पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा, मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आधी सीट दोन इंच खाली होती, कारण सिग्नलला दोन्ही पाय टेकायला मला बरे वाटत असे. गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे उंची बदलल्यावर पंधरा दिवसांत गेले. सिग्नलला आता सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकते. हाताची बोटे बधिर होण्याचा त्रास मात्र तासाभरानंतर अजूनही होतो. सरळ हँडलवर हात ठेवायला एकच जागा असते.

लांबची फेरी एकच केली, जानेवारीत. एस. व्ही. रोडने मालाड, तिथून मार्वेचा धक्का, आणि खाडीपलीकडे मनोरीला जाणाऱ्या बोटीत सायकल चढवून पुढे गोराईपर्यंत. बोटवाला सायकली सराईतपणे घेतो. आपण फक्त चेनची बाजू आतल्या अंगाला येऊ द्यायची नाही, नाहीतर दुसऱ्याच्या हँडलने मागच्या चाकाजवळचा गिअरचा दांडा वाकतो. माझा थोडा वाकलाच होता, काकांनी तो परत सरळ केला.

हीच सायकल पुन्हा घेईन का, तर हो, मात्र अ‍ॅल्युमिनियमची सीटची नळी आणि गंज न धरणारे स्क्रू पहिल्याच दिवशी बदलून मागेन आणि स्टँड काढायला लावीन. सध्या मागचा टायर मध्यभागी सपाट झाला आहे आणि गणपतीनंतर तो बदलायचा आहे. काकांचे म्हणणे 38 चा घाला, खड्डे कुठे जात नाहीत. मी काल मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा मोजली, ती आठ मिलिमीटर भरली. चिखल अडकणार नाही एवढी जागा उरते की नाही, हे टायर चढवल्यावरच कळेल.