बाईंच्या बायबलची नवी बांधणी: गिरगावातील एका दुकानाचा अनुभव

गिरगावात, ठाकुरद्वार नाक्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर पुस्तकबांधणीचे एक लहानसे दुकान आहे. दुकानाला नावाची पाटी नाही. दाराशी रचून ठेवलेले पुठ्ठे आणि आत दिसणारा, पुस्तके दाबून धरण्याचा लाकडी शिकंजा एवढीच त्याची खूण. जूनच्या अखेरीस मी तेथे एक मराठी बायबल बांधणीसाठी दिले आणि ऑगस्टच्या मध्याला ते परत मिळाले. काम कसे झाले हे सांगण्याआधी ते पुस्तक कोणाचे आणि त्यात काय होते हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्याशिवाय या कारागिराने नेमके काय वाचवले हे समजणार नाही.

हे बायबल आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवारच्या शाळेतील बाईंचे. माझे दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झाला त्या दिवशी, मी 15 वर्षांची असताना, त्यांनी ते माझ्या हाती दिले. बाईंची एक पद्धत होती. एखाद्या मुलाने एखादे वचन तोंडपाठ म्हणून दाखवले की त्या वचनाशेजारी, समासात, त्या मुलाच्या नावाचे आद्याक्षर आणि तारीख त्या शिसपेन्सिलीने लिहीत. मात्र केवळ पाठांतर त्यांना पुरत नसे. या आठवड्यात हे वचन तुला कोठे दिसले, असे त्या विचारत, आणि उत्तर मिळाले नाही तर पेन्सिल खाली ठेवून पुढच्या रविवारपर्यंत थांबत. मला तीन रविवार थांबावे लागले होते.

सगळे वाचक ज्या पानांवरून पुढे सरकतात ती पाने त्या आमच्याकडून मुद्दाम वाचून घेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय हा त्यांचा विशेष आवडता. त्यात ख्रिस्ताचा प्रेषित पौल आधी फिबीची शिफारस करतो आणि मग एकामागून एक माणसांची नावे घेऊन त्यांना सलाम सांगतो: प्रिस्का, अक्विला आणि पुढे कितीतरी जण, रूफाच्या आईला तर तो स्वतःचीही आई म्हणतो. एवढा मोठा प्रेषित पत्राच्या शेवटी आपल्याला ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावे घेत बसतो, हे पाहा, असे बाई म्हणत. त्या पानाच्या समासात आमच्या वर्गातील बहुतेक सर्वांची आद्याक्षरे आहेत.

याच पुस्तकात दुसरेही एक हस्ताक्षर आहे, ते आमच्या तरुण संघाच्या दादांचे. ते बेस्टमध्ये वाहक होते. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी माझे वडील वारले आणि त्यानंतर मला प्रार्थना करणे अशक्य झाले. पाळकसाहेब घरी येऊन गेले, त्यांनी आईला धीर दिला, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण मला जे हवे होते ते दादांनी ओळखले. विश्वास कमी पडतो आहे असे त्यांनी मला एकदाही म्हटले नाही. त्यांनी विलापगीत, म्हणजे बायबलमधील शोकगीतांचे पुस्तक, उघडून दिले आणि जवळजवळ चार महिने दर शनिवारी, ड्यूटी संपल्यावर, खाकी गणवेशातच आमच्या परळच्या खोलीत येऊन ते माझ्याबरोबर ओळीओळीने वाचले. देवाशी भांडण्याचीही भाषा पवित्र शास्त्रात आहे, हे मला तेथे कळले. प्रत्येक शनिवारची तारीख त्यांनी माझी परवानगी विचारून समासात लिहिली. आज मी स्वतः रविवारच्या शाळेत शिकवते, त्यामागे या दोन हस्ताक्षरांचा मोठा वाटा आहे.

म्हणूनच बांधणीसाठी पुस्तक देण्याची मला भीती वाटत होती. यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी दादांचे गायनाचे पुस्तक दिले असता, कडा सारख्या करण्यासाठी ते तिन्ही बाजूंनी यंत्रावर कापले गेले आणि त्यांनी सुरांविषयी लिहिलेल्या सूचनांची अर्धी अक्षरे कायमची गेली. गिरगावच्या मालकांनी पुस्तक हाती घेतल्यावर प्रथम समास पाहिले आणि मी काही बोलण्याआधीच, याला कटिंग करायचे नाही ना, असे विचारले. त्या एका प्रश्नावर मी पुस्तक तेथे ठेवून आले.

बायबलचा कागद फार पातळ असतो. सुटी पाने नुसत्या सरसाने कण्याला चिकटवली तर ती थोड्याच दिवसांत निघू लागतात, म्हणून जुजबंदीच, म्हणजे एकेक फर्मा (घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) दोऱ्याने शिवून केलेली बांधणीच, या पुस्तकाला योग्य, असे मालकांनी समजावून सांगितले. जुना दोरा कुजला होता आणि अनेक फर्मे घडीवर फाटले होते. त्यांनी प्रत्येक घडीला पातळ कागदाची पट्टी लावली, नव्या दोऱ्याने शिवण घातली आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातले. मी शाळेत असताना लावलेल्या चिकटपट्ट्यांचे तपकिरी डाग मात्र पूर्णपणे गेलेले नाहीत; ते काढायला गेलो तर खालची पेन्सिल पुसली जाईल, हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि तो निर्णय मला पटला.

काम चालू असताना मी दोनदा जाऊन बसले. मालक हे काम आपल्या आजोबांकडून शिकले आणि आजही शिवण घालताना आजोबांसारखेच दोऱ्याला मेण लावतात. या परिसराला छपाईची जुनी परंपरा आहे आणि तिचा एक धागा आमच्या मंडळ्यांच्या इतिहासाशी जुळतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या छापखान्यातून 1826 मध्ये मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, बाहेर पडला. त्याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि तेथून निघालेल्या संस्कृत ग्रंथांच्या सुबक छपाईने नाव मिळवले. हे बोलणे चालू असताना मला पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र आठवत होते. त्याच्या अखेरीस तुरुंगातला म्हातारा पौल या तरुण शिष्याला येताना आपला झगा आणि पुस्तके, त्यातही विशेषतः चर्मपत्रे, घेऊन ये असे कळवतो. मालकांना ते सांगितले तेव्हा त्यांनी चर्मपत्रे कशी शिवत असतील, असा अगदी कारागिराचा प्रश्न विचारला.

काही उणिवा नोंदवणे योग्य ठरेल. तीन आठवड्यांचा वायदा सात आठवड्यांवर गेला. पावसाळी हवेत खळ नीट वाळत नाही आणि ओलसर राहिल्यास बुरशी धरते, हे कारण खरे आहे. परंतु ते काम घेतानाच सांगायला हवे होते. कण्यावरील सोनेरी अक्षरे किंचित तिरपी बसली आहेत. नवा कणा अजून ताठ असल्याने पुस्तक टेबलावर आपोआप उघडे राहत नाही. मला 1,400 रुपये खर्च आला, आणि हाताने केलेल्या एवढ्या शिवणीसाठी तो मला मुळीच जास्त वाटत नाही. आपल्याकडे आजीची पोथी, वडिलांची वही किंवा शिक्षकांच्या खुणा असलेले कोणतेही पुस्तक असेल, तर ते पाऊस संपल्यावर येथे द्यावे आणि समासातले काय राखायचे आहे ते मालकांना एकेक पान दाखवून सांगावे. ते शांतपणे ऐकून घेतात.

पुस्तक मिळाले त्याच रविवारी उपासनेनंतर मी ते बाईंकडे नेले. त्यांना आता अक्षरे दिसत नाहीत. त्यांनी कण्यावरून अंगठा फिरवला, पानांच्या कडा चाचपल्या आणि कापलेले नाही ना, असे विचारले. मग रोमकरांस पत्र काढ, फिबीपासून सुरू कर, म्हणाल्या. पान उघडे राहत नव्हते, म्हणून मी वाचत असताना शेवटच्या नावापर्यंत त्यांनी ते आपल्या तळहाताने दाबून धरले होते.